गल्लीतून घरात: नांदेड-लातूरकडील दत्तक कुत्र्यांचे पहिले वर्ष

मराठवाड्यातील माणूस आणि कुत्रा यांचे सहजीवन फार जुने असले, तरी ते बहुतांशी उंबऱ्याबाहेर घडलेले आहे. नांदेडच्या इतवारा-वजिराबाद परिसरातील गल्ल्या, लातूरच्या गंजगोलाईभोवतीची बाजारपेठ आणि दोन्ही जिल्ह्यांच्या खेड्यांतील आखाडे, म्हणजे गुरे, वैरण व सालगड्याचा मुक्काम यांसाठी शेतावर उभारलेली ठिकाणे, या सर्व जागी कुत्रा रात्रीची राखण करतो, उरलेली भाकरी खातो, पोरांबरोबर वाढतो, आणि तरीही कोणाच्या घरात राहत नाही. अलीकडे या व्यवस्थेत एक लहानसा पण मुळाशी जाणारा बदल होत आहे. वाहनाखाली सापडून पाय मोडलेला, आई मेल्यामुळे नालीच्या कडेला उरलेला किंवा खरजेने केस गळालेला कुत्रा उचलून, त्याच्यावर उपचार करून, त्याला कायमचे घरात ठेवून घेणारी कुटुंबे या दोन्ही शहरांत आहेत, आणि या स्वीकाराला आता सर्रास दत्तक घेणे असेच म्हटले जाते. अशा कुत्र्याच्या रुळण्याविषयी जे बोलले जाते, त्यात एक गृहीतक कायम असते: या जिवाने फार सोसले आहे, म्हणून त्याचा माणसावरचा विश्वास उडाला आहे, आणि प्रेम दिले की तो परत येईल. हे गृहीतक अर्धेच खरे आहे. गल्लीत वाढलेल्या कुत्र्याला माणसे चांगली ठाऊक असतात. ठाऊक नसते ते बंद दार, गुळगुळीत फरशी, गळ्यातला पट्टा आणि एकट्याने काढायची दुपार. त्याच्या अडचणी या बाजूने पाहिल्या, तर पहिल्या वर्षातील पुष्कळसा त्रास, त्याचा आणि घरच्यांचाही, टळू शकतो.

या प्रदेशाच्या धार्मिक स्मृतीत कुत्र्याचे स्थान हीन नाही. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे दत्तात्रेयांचे क्षेत्र, आणि दत्तमूर्तीच्या पायाशी असलेले चार कुत्रे चार वेदांचे रूप समजले जातात. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते व जनावरांच्या बाजारासाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे. खंडोबाबरोबर कुत्रा असतोच, आणि देवाला वाहिलेले वाघ्ये स्वतःला त्याचे कुत्रे मानत आले आहेत. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा त्याने ती कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन मागे धावणारे नामदेव मराठी घरांत सर्वांना माहीत आहेत, आणि त्याच नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथ साहिबमध्ये समाविष्ट असल्यामुळे नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिबमध्येही त्यांची वाणी वंदनीय आहे. मुस्लिम कुटुंबांत गुहेत झोपी गेलेल्या सत्पुरुषांची राखण करणाऱ्या कुत्र्याची कथा सांगितली जाते, आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणे हे पुण्याचे काम समजले जाते. तथापि या सर्व परंपरांनी कुत्र्याला घास दिला, पाणी दिले, देवाच्या पायाशी जागा दिली. देवघर, स्वयंपाकघर आणि नमाजाची जागा यांच्यापासून मात्र त्याला दूर ठेवले. त्यामुळे दत्तक घेण्याचा निर्णय घरातील तरुण मुलगा किंवा मुलगी उत्साहाने घेते, तेव्हा त्याचे खरे ओझे आजीच्या सोवळ्यावर आणि आईच्या झाडलोटीवर पडते, याची जाणीव आधीच ठेवावी लागते. कुत्र्याने कोणत्या खोलीपर्यंत यायचे हे तो येण्यापूर्वीच सर्वांनी मिळून ठरवले, तर ती मर्यादा त्याला पहिल्या दिवसापासून एकसारखी कळते. आज आत घेतले आणि उद्या हाकलले, असे झाले तर त्याच्या दृष्टीने घराला काही नियमच उरत नाही.

ज्याला बोलीत गावठी कुत्रा म्हणतात, तो जातिवंत कुत्र्यांच्या संकरातून बिघडलेला प्राणी आहे, ही समजूत चुकीची आहे. माणसाने ठरवून केलेल्या निवडीशिवाय, स्थानिक हवामान, अन्न आणि वस्ती यांच्या रेट्याखाली हजारो वर्षांत स्थिरावलेला हा प्रकार आहे: मध्यम बांधा, आखूड केस, उभे किंवा अर्धे मुडपलेले कान, वर वळलेली शेपटी, कमी अन्नात तग धरणारे शरीर. लातूर परिसरात याहून वेगळी अशी कारवान आणि पश्मी कुत्र्यांची परंपरा आहे. ही शिकारी कुळातील, लांब पायांची, निमुळत्या तोंडाची कुत्री असून पश्मीच्या कानांवर व शेपटीवर रेशमासारखे लांब केस असतात. व्यापारी काफिल्यांबरोबर त्यांचे पूर्वज दख्खनमध्ये आले, असे मानले जाते. या कुत्र्यांची ठरवून पैदास होते, त्यांना किंमत येते, त्यांचा मालक ठरलेला असतो. गावठी कुत्र्याला यांपैकी काहीही मिळत नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख, तर महाराष्ट्रात सुमारे १२ लाख ७६ हजार भटकी कुत्री होती, आणि दत्तक जाणारे कुत्रे बहुतेक याच संख्येतून येतात.

या कुत्र्यांचे वर्तन समजून घेण्यासाठी परदेशी पुस्तकांपेक्षा कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्रा व त्यांच्या सहकाऱ्यांचे काम अधिक उपयोगी आहे, कारण त्यांनी भारतीय रस्त्यांवर मोकळ्या राहणाऱ्या कुत्र्यांचाच अभ्यास केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका निबंधानुसार निरीक्षणाखालील पिल्लांपैकी केवळ १९ टक्के पिल्ले प्रजननाच्या वयापर्यंत जगली, आणि मृत्यूंपैकी बहुसंख्य प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे माणसामुळे झाले. दत्तक घरी आलेला प्रौढ गावठी कुत्रा या गाळणीतून वाचलेला असतो. त्याची सावधगिरी हा भित्रेपणा नसून त्याच्या जगण्याचे कारण आहे. याच गटाच्या २०१७ मधील प्रयोगात अनोळखी माणसाने काही कुत्र्यांना अन्न दिले व काहींना डोक्यावरून हात फिरवून थोपटले. वारंवार भेटींनंतर थोपटलेली कुत्री त्या माणसाजवळ अधिक विश्वासाने येऊ लागली. यातून दोन गोष्टी हाती येतात. एक म्हणजे रस्त्यावरच्या कुत्र्याला माणसाचा स्पर्श परका नसतो, तो हवा असतो. दुसरी म्हणजे बिस्किटांची लयलूट करून मन जिंकण्याचा प्रचलित मार्ग सर्वांत सोपा असला तरी सर्वांत खात्रीचा नाही.

पिल्लाच्या बाबतीत आणखी एक कालमर्यादा लक्षात घ्यावी लागते. जन्मानंतर साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतच्या काळाला सामाजिकीकरणाचा काळ म्हणतात. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी संशोधकांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तो सविस्तर मांडला. या आठवड्यांत पिल्लू जे पाहते, ऐकते, हुंगते, ते त्याला पुढे सामान्य वाटते, आणि जे या काळात भेटत नाही त्याची भीती सहज बसते. गल्लीतील पिल्लाला रिक्षा, हातगाडा, लग्नाची वरात आणि गायी-म्हशी यांची सवय या वयातच होते. मिक्सर, कुकरची शिट्टी, छताचा पंखा आणि आरसा या वस्तू मात्र त्याच्या जगात नसतात. म्हणूनच भर बाजारात निवांत झोपणारा कुत्रा घरातील कुकरच्या शिट्टीने पलंगाखाली शिरतो, तेव्हा घरच्यांना वाटणारे आश्चर्य अनाठायी असते.

दत्तक कुत्र्यांच्या सांभाळाविषयी तीन दिवस, तीन आठवडे आणि तीन महिने असा एक ठोकताळा जगभर सांगितला जातो: पहिले तीन दिवस भांबावण्याचे, तीन आठवडे घराची घडी ओळखण्याचे आणि तीन महिने आपलेपणा रुजण्याचे. हा संशोधनाने सिद्ध केलेला नियम नाही. अनेक पालकांच्या अनुभवातून घडलेली ती एक सोय आहे, आणि तिचा खरा उपयोग इतकाच की ती घाई करू देत नाही. पहिल्या दिवसांत नव्या कुत्र्याला पाहायला शेजारीपाजारी येतात, मुले त्याला उचलतात, कोणी फोटो काढते, कोणी लगेच आंघोळ घालते. हे सारे मायेपोटी होत असले तरी त्या जिवाला ते असह्य होते. त्याला एक कोपरा हवा असतो, जिथे त्याच्या पाठीशी भिंत असेल, समोरून येणारे दिसेल आणि तिथे गेल्यावर कोणीही त्याला ओढून बाहेर काढणार नाही. जिन्याखालची जागा, ओसरीचा कोपरा किंवा जुने पोते अंथरलेले खोके यासाठी पुरते. तो तिथे दोन दिवस नुसता पडून राहिला, फार खाल्ले नाही, नजर चुकवत राहिला, तर ते आजाराचे लक्षण असेलच असे नाही. मात्र उलट्या, रक्ती जुलाब किंवा ताप यांपैकी काही दिसले तर वाट पाहू नये, कारण पिल्लांना होणारा पार्व्हो हा विषाणूजन्य आजार एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतो. ओठ चाटत राहणे, झोप आलेली नसताना जांभई देणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे आणि शेपटी पोटाखाली घेणे या ताणाच्या खुणा आहेत. गुरगुरणे ही त्यानंतरची पायरी आहे. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे सोडतो, भीती सोडत नाही, आणि मग एखाद्या दिवशी सूचना न देता चावतो. ज्या घरात लहान मूल आहे तिथे ही गोष्ट प्रत्येकाने समजून घेतलीच पाहिजे.

सर्वांत जास्त तक्रार शी-शूच्या सवयीबद्दल असते, आणि तिचे कारण पुष्कळदा जमिनीत सापडते. कुत्रा लहानपणी ज्या पृष्ठभागावर शी-शू करतो, तोच पृष्ठभाग त्याला पुढे योग्य वाटतो. माती, वाळूचा ढीग आणि गवत यांवर वाढलेल्या कुत्र्याला शहाबादी किंवा गुळगुळीत टाइल्सच्या फरशीवर कुठे बसावे तेच उमगत नाही. मग तो दिवसभर अडवून धरतो आणि रात्री पायपुसण्यावर किंवा गोधडीवर मोकळा होतो, कारण तिचा स्पर्श त्यातल्या त्यात मातीजवळचा असतो. यावर नाक घासणे, मारणे, कोंडणे हे जुने उपाय केवळ क्रूर नाहीत, ते निरुपयोगीही आहेत, कारण काही मिनिटांपूर्वी घडलेल्या कृतीशी कुत्रा ती शिक्षा जोडू शकत नाही. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि झोपण्यापूर्वी त्याला मातीवर नेणे, काम झाल्यावर लगेच शाबासकी देणे आणि गच्चीवरच राहणाऱ्या कुटुंबांनी पसरट घमेल्यात माती ठेवणे, एवढ्याने बहुतेकांची सवय काही आठवड्यांत लागते.

अन्नाबाबत मराठवाड्यातील घर पुण्या-मुंबईच्या घरापेक्षा काही अंशी अधिक अनुकूल आहे, काही अंशी प्रतिकूल. ज्वारीची भाकरी कुत्र्याला पचते आणि ती त्याच्या ओळखीची असते. परंतु नुसत्या दुधात कुस्करलेल्या भाकरीवर वाढणाऱ्या पिल्लाला पुरेशी प्रथिने मिळत नाहीत, आणि पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दुधातील साखर पचत नसल्याने जुलाब होतात. भाकरीबरोबर उकडलेले अंडे, घरी शिजत असल्यास बिनमसाल्याचे मांस, अन्यथा दही आणि मऊ शिजवलेली डाळ द्यावी. नेमके प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे, कारण संपूर्ण शाकाहारी आहार कुत्र्याला चालत असला तरी तो काळजीपूर्वक जुळवावा लागतो. खरी अडचण कांदा-लसणाची आहे. या भागातील बहुतेक कालवणे कांदा-लसणावर उभी असतात, आणि या दोहोंतील घटक कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. त्यामुळे ताटातील उरलेला रस्सा भाकरीवर ओतून देण्याची पिढ्यानपिढ्यांची सवय घरच्या कुत्र्यासाठी तरी सोडावी लागते. रस्त्यावर तो हेच खात होता, मग आता काय झाले, असे विचारले जाते. रस्त्यावर तो अनेक दारांचे थोडे थोडे खात होता; एका घरात तोच रस्सा रोज मिळाला तर मात्रा साचत जाते.

अन्नाभोवतीची राखणही याच जुन्या आयुष्यातून येते. वाडग्याजवळ कोणी आले की अंग ताठ करणारा कुत्रा कृतघ्न नसतो. घास हिसकावला जातो, हे त्याने शिकलेले असते. वाडगे मध्येच उचलून त्याला धडा शिकवण्यापेक्षा, जवळून जाताना त्यात आणखी चांगला तुकडा टाकला, तर माणसाचे जवळ येणे म्हणजे तोटा ही त्याची समजूत हळूहळू बदलते. मुलांना मात्र या काळात त्याच्या जेवणाजवळ जाऊ देऊ नये.

पळून जाणे हा पहिल्या काही आठवड्यांतील सर्वांत मोठा धोका आहे. कुत्र्याला घर अजून घर वाटत नसते, आणि त्याची जुनी गल्ली जर दोन-तीन किलोमीटरवर असेल, तर तो वाटेतील सारी वाहतूक ओलांडून तिकडे जाण्याचा प्रयत्न करू शकतो. त्या वाटेवर दुसऱ्या कुत्र्यांच्या हद्दी असतात, आणि तिथे त्याला परका म्हणून फाडले जाते. यासाठी गळ्यातील पट्ट्यापेक्षा छातीभोवती बसणारा पट्टा, ज्याला हार्नेस म्हणतात, तो अधिक सुरक्षित ठरतो, कारण घाबरलेला कुत्रा मागे झुकून गळ्यातून पट्टा सहज काढतो. लोखंडी साखळीने अंगणात बांधून ठेवणे हा गावाकडचा रूढ मार्ग आहे, पण मोकळ्या फिरलेल्या प्राण्याला साखळीत ठेवले की समोरून जाणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोहोचू न शकल्याचा राग साचतो आणि तो खरोखरच अंगावर येणारा होतो. ज्याला माणसांची सवय आहे अशा कुत्र्याला साखळीने माणसांचा वैरी बनवणे, हे या दोन शहरांतील अंगणांत आजही घडत आहे आणि ते थांबायला हवे.

एकटे राहणे हा त्याच्यापुढचा दुसरा अवघड धडा. गल्लीत कुत्रा क्वचितच एकटा असतो. टोळी असते, पानाच्या टपरीवर माणसे असतात, चौकात सतत काहीतरी घडत असते. नवरा-बायको दोघेही कामावर आणि मुले शिकवणीला, अशा घरात, विशेषतः शिकवणी-वर्गांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लातुरात, त्याच्या वाट्याला एकदम आठ तासांची शांतता येते, आणि तो दार खरवडतो, चपला फाडतो, सतत रडतो. याला वियोगाची बेचैनी म्हणतात. पहिल्या दिवशी काही मिनिटे, मग अर्धा तास, मग दोन तास अशी सवय लावत गेले तर ती कमी होते. यात मराठवाड्यातील एकत्र कुटुंबाचा मोठा आधार आहे, कारण ज्या घरात दुपारी आजी-आजोबा असतात तिथे हा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही, आणि सुरुवातीला कुत्र्याला विरोध करणारे वडीलधारेच पुढे त्याचे खरे सोबती होतात.

आरोग्याच्या बाबतीत गोचीड हा या भागातील मुख्य शत्रू आहे. कुत्र्यावरील तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली पडते आणि भिंतीच्या फटींत, चौकटींमागे, माळवदाच्या लाकडांत अंडी घालते. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर माती पसरून केलेले सपाट छत. त्यामुळे कुत्रा स्वच्छ केला आणि घर तसेच ठेवले, तर काही आठवड्यांत सारे पुन्हा सुरू होते. या गोचिडीतून पसरणाऱ्या अर्लिकिया नावाच्या जिवाणूमुळे ताप येतो, भूक मरते, रक्त गोठवणाऱ्या पेशी घटतात आणि नाकातून रक्त येऊ शकते. वेळेत निदान झाले तर तो स्वस्त औषधांनी बरा होतो. बैलांसाठी आणलेले गोचिडीचे औषध अंदाजाने कुत्र्यावर ओतणे किंवा अंगाला रॉकेल लावणे या दोन्ही गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत. हा भाग लालकंधारी आणि देवणी या गोवंशांचा आहे, आणि येथील पशुवैद्यकीय सेवेची घडण साहजिकच गाय-बैल-म्हैस यांच्याभोवती झाली आहे; तरीही जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालये आणि उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय यांचा आधार कुत्रा पाळणाऱ्यांना आहे. लसींमध्ये रेबीजची लस अटळ आहे: पिल्लाला साधारण तीन महिन्यांनी पहिली, आणि पुढे पशुवैद्यक सांगेल त्याप्रमाणे दरवर्षी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस किंवा कुत्रा जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून घरच्या, लस दिलेल्या कुत्र्याचाही दात लागला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जावे. हळद, चुना, मिरची भरण्यात वेळ घालवू नये. निर्बीजीकरणाने, म्हणजे प्रजननक्षमता थांबवणाऱ्या शस्त्रक्रियेने, मादीची नको असलेली बाळंतपणे टळतात आणि नराचे भटकणे बरेच कमी होते.

उन्हाळा हा येथील वेगळा अध्याय आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते साऱ्या देशाने पाहिले. अशा शहरात घरच्या माणसांसाठी पाणी मोजून वापरले जात असताना कुत्र्याच्या वाडग्याचा विचार सर्वांत शेवटी होतो. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो, आणि त्या धापांतून पाणी सतत उडून जाते. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. गल्लीतला कुत्रा अशा दुपारी नालीच्या ओलाव्यात, गाडीखाली, झाडाच्या बुंध्याशी खड्डा उकरून बसतो. पत्र्याच्या खोलीत बंद केलेल्या किंवा गच्चीवर बांधलेल्या कुत्र्याला ही निवड करता येत नाही. घर देताना त्याच्याकडून सावली निवडण्याचा हक्क काढून घेतला जाणार नाही, हे पाहणे पालकाचे काम आहे. फिरवणे सूर्योदयापूर्वी किंवा रात्री उशिरा, रस्त्यावर आपला तळहात टेकवून चटका बसत नाही हे पाहून, आणि मातीच्या पसरट परळात दिवसातून तीन-चार वेळा बदललेले पाणी, एवढे केले तर तो उन्हाळा काढतो.

दिवाळी त्याच्यासाठी याहून अवघड असू शकते. माणसाला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंतचे; शिवाय गल्लीत असताना फटाका वाजला की दूर पळण्याची वाट मोकळी असते, घरात ती नसते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दार उघडे राहिले आणि कुत्रा निघून गेला, असे सहज घडू शकते. म्हणून त्या दिवसांत फिरणे उजेडात उरकून घ्यावे, गळ्यात दूरध्वनी क्रमांक लिहिलेला बिल्ला असावा, आतली खोली पडदे लावून पंखा व रेडिओ सुरू ठेवून तयार करावी, आणि त्याला जिथे लपायचे आहे तिथे लपू द्यावे. घाबरलेल्याला जवळ घेतल्याने त्याची भीती वाढते, हा समज निराधार आहे. त्याला सोबत हवी असेल तर ती द्यावी. फार त्रास होत असल्यास पशुवैद्यक काही औषध देऊ शकतो, पण त्याच्याकडे सणापूर्वीच जायला हवे. फराळाचीही काळजी घ्यावी लागते: लाडवातील मनुके काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी करतात, चॉकलेट विषारी असते, आणि तळणाच्या अतिरेकाने स्वादुपिंडाला सूज येते. आलेल्या पाहुण्यांना हे आधी सांगावे, कारण लाडू भरवण्यामागे त्यांचा हेतू चांगलाच असतो.

कायद्याने आता या नात्याला एक निश्चित चौकट दिली आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम २००१ मध्ये आले आणि २०२३ मध्ये नव्याने केले गेले. निर्बीजीकरण व लसीकरण करून, ओळखीसाठी कानाला खाच पाडून, कुत्र्याला त्याच्या मूळ जागी परत सोडणे हे त्यांचे मुख्य सूत्र आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलून, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता इतरांना शस्त्रक्रिया व लसीनंतर परत सोडण्यास सांगितले. याच आदेशात न्यायालयाने प्राणिप्रेमींना नगरसंस्थेकडे अर्ज करून रस्त्यावरील कुत्रे दत्तक घेता येईल असे म्हटले, आणि दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी अर्जदारावर टाकली. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके अशा आवारांतील कुत्री हलवण्यास व तेथे परत न सोडण्यास सांगण्यात आले. ज्या आवारांत ती वर्षानुवर्षे राहत होती, तेथून हलवलेल्या कुत्र्यांसाठी पुरेसे निवारे उभे करणे लहान महानगरपालिकांना सोपे नाही, आणि म्हणूनच शांत स्वभावाच्या, वयस्क, माणसाळलेल्या कुत्र्यांना घरे मिळणे ही आता केवळ काही कुटुंबांच्या आवडीची बाब राहिलेली नाही. अर्थात भटक्या कुत्र्यांच्या चाव्याने ज्यांच्या घरातले मूल जखमी झाले आहे, त्यांचा रागही तितकाच खरा आहे, आणि दत्तक पालकांनी शेजाऱ्यांशी वागताना तो विसरू नये. कुत्र्याला पट्ट्यात फिरवणे, त्याची विष्ठा उचलणे आणि लसीकरणाचे कार्ड मागितल्यास दाखवणे या गोष्टी त्या रागाचा मान राखणाऱ्या आहेत.

या भागात दत्तक मोडते, तेव्हा कुत्रा बहुतेक वेळा रस्त्यावर न जाता शेतावर जातो. शेजाऱ्यांची तक्रार आली, घरात बाळ झाले, बदली झाली किंवा चपलांचा तिसरा जोड फाटला, की शेतावर सोडू, तिथे मोकळा राहील, असे म्हटले जाते, आणि म्हणणाऱ्याला ते मनापासून पटलेलेही असते. काही कुत्र्यांना ते खरेच मानवते: आखाड्यावर कायम राहणारे कुटुंब असेल, दोन वेळची भाकरी ठरलेली असेल, लसी चालू असतील, तर गावठी कुत्र्याला तिथले आयुष्य शहरातील तिसऱ्या मजल्यापेक्षा अधिक जवळचे वाटू शकते. परंतु वर्षभर घरात राहिलेल्या कुत्र्याला अनोळखी आखाड्यावर नेऊन सोडले, आणि सालगडी पाडव्याला बदलला, तर त्याच्याकडे कोण पाहणार हे कोणीच ठरवलेले नसते. तिथे आधीची कुत्री असतात, साप असतात, रानडुकरांसाठी ठेवलेले विषारी आमिष असू शकते, आणि उन्हाळ्यात विहीर आटली की पाणीही नसते. प्राण्याला उपासमार किंवा तहान होईल अशा स्थितीत वाजवी कारणाशिवाय सोडून देणे हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार क्रौर्य आहे, आणि शेत स्वतःचे असल्याने त्यातून सूट मिळत नाही. कुत्र्याला शेतावर न्यायचेच असेल, तर आधी सोबत जाऊन काही मुक्काम करावेत, तिथल्या माणसाशी त्याची गाठ पडू द्यावी, लसीकरणाचे कार्ड त्याच्या हाती द्यावे, खाण्यापिण्याचा खर्च कोण करणार हे बोलून घ्यावे, आणि त्यानंतरही पोळ्याला, वेळा अमावस्येला, सुगीला शेतावर जाणे होते तेव्हा तो तिथे आहे का, कसा आहे, हे पाहावे. वेळा अमावस्येला लातूर जिल्ह्यातील कुटुंबेच्या कुटुंबे भज्जी, आंबील आणि भाकरी घेऊन शेतावर जेवायला जातात. त्या पंगतीत त्याच्यासाठी कांदा-लसणाशिवायची भाकरी वेगळी बांधून नेण्याइतकी आठवण घराने ठेवली असेल, तर ते दत्तक अजून मोडलेले नाही.